रोमच्या चांदीवरचे देव

इसवी सनपूर्व 211च्या सुमारास, हॅनिबलशी युद्ध पेटलेले असताना, रोमने देनारियस हे चांदीचे नाणे पाडायला सुरुवात केली. वजन जेमतेम साडेचार ग्रॅम. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी. दुसऱ्या बाजूला भाले रोखून घोडे पिटाळणारे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव, वर दोन तारे. रेगिलस सरोवराच्या लढाईत हे दोघे रोमच्या मदतीला धावले, अशी श्रद्धा होती. जिवावर बेतलेल्या शहराने हेच देव निवडावेत, हे मला फार बोलके वाटते.

टांकसाळ कॅपिटोल टेकडीवर, जुनो मोनेटाच्या देवळालगत होती. तिथले तरुण अधिकारी हळूहळू नाण्यांवर आपापल्या घराण्याच्या कथा आणू लागले. सेक्स्टस पॉम्पेयस फॉस्टुलस याने इसवी सनपूर्व 137च्या सुमारास रोमच्या स्थापनाकथेतल्या जुळ्या बाळांना दूध पाजणारी लांडगीण कोरवली आणि शेजारी त्यांना वाचवणारा गुराखी फॉस्टुलस, म्हणजे आपला मानलेला पूर्वज, उभा केला. सार्वजनिक देवघरात खाजगी कुलकथा शिरली ती अशी.

इसवी सनपूर्व 49-48 मधले सीझरचे नाणे मात्र थांबून पाहावे असे आहे. पुढे हत्ती, खाली सीझरचे नाव. मागे पूजेची पळी, प्रोक्षणाचा कुंचला, बळीची कुऱ्हाड आणि पुरोहिताची टोपी. चेहरा कुठेच नाही. तो 63पासून रोमचा मुख्य पुरोहित होता आणि यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत सैनिकांच्या हाती त्याने हा अधिकार ठेवला. 44 साली त्याचा चेहराही नाण्यावर आला. रोमच्या टांकसाळीत जिवंत रोमन माणसाचा तो पहिलाच. खुनानंतर सिनेटने त्याला देव ठरवले आणि त्याचा दत्तक पुत्र ऑक्टेवियन नाण्यांवर स्वतःला ‘देवाचा पुत्र’ म्हणवू लागला.

त्याच्याच, म्हणजे नंतर ऑगस्टस झालेल्या ऑक्टेवियनच्या, नाण्यांवर पुढे गायस आणि ल्युसियस हे दोन दत्तक पुत्र दिसतात. त्यांच्यामध्ये ढाली-भाले, वर पळी आणि शकुन पाहणाऱ्याची वाकडी काठी. ही नाणी दक्षिण भारतात मुबलक सापडली आहेत, कारण इथल्या व्यापाऱ्यांना त्यातली चोख चांदी हवी होती. सम्राट नीरोने इसवी सन 64 साली चांदीचे प्रमाण घटवले. त्यानंतरची चांदीची नाणी इथे क्वचितच मिळतात. दक्षिणेतल्या काही रोमन नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. देवपुत्राच्या चेहऱ्याचा इथे कुणालाच धाक नव्हता.