बडोद्याचा करार आणि आपला हप्ता

पगार चांगला आहे, मग रडता कशाला? शिक्षणकर्ज काढून मोठ्या संस्थेत किंवा परदेशात शिकलेल्या आपल्या मुलामुलींना हा प्रश्न घरात, वस्तीत आणि ऑफिसात सारखा ऐकावा लागतो. उत्तर द्यायला ती लाजतात. आमचे म्हणणे असे की, लाजण्याआधी त्यांनी बाबासाहेबांच्या आयुष्यातील १९१३ ते १९२० हा काळ पैशाच्या अंगाने वाचावा.

१९१३ साली बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. सयाजीराव महाराजांचे उपकार आम्ही मानतोच. पण कागदावर ती निव्वळ देणगी नव्हती. उमेदीची दहा वर्षे तारण होती.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात रुजू झाले. शिपाई फायली लांबून फेकत. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी उतारगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. ते मुंबईला परतले. नोकरी सुटली, करार सुटला नाही. संस्थानाने शिक्षणाचा खर्च परत मागितला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी हा भरघोस पगार. तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतच राहिले आणि रमाई काटकसरीने संसार चालवत राहिल्या, कारण लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायचे होते. १९२० साली ते निघाले तेव्हा स्वतःच्या बचतीत शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे ५,००० रुपयांचे कर्ज घालावे लागले. म्हणजे अकरा महिन्यांच्या पगाराएवढे कर्ज!

आजचा हिशेब करा. २० लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. हप्ता महिना सुमारे २६,४०० रुपये आणि एकूण परतफेड जवळपास ३२ लाख. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तेवढाच पगार असतो, पण त्याला वडिलांचा फ्लॅट असतो. आपल्या पोराच्या पगारात बँकेचा हप्ता, गावचे घर आणि बहिणीची फी असते. पगाराची स्लिप सारखी असली म्हणून दोघे सारखे होत नाहीत.

खरा प्रश्न याहून पुढचा आहे. बडोद्यातल्या अपमानानंतर बाबासाहेब निघाले, पण देणे पाठीमागे आले. आज साहेब जातीवरून टोमणा मारतो तेव्हा राजीनाम्याच्या आधी हप्त्याची तारीख आठवते. तक्रार मनातच राहते. मोर्चाला यायचे टळते. कर्ज नुसता पैसा नेत नाही, ते माणसाला गप्प बसवते.

कोणी म्हणेल, कर्ज नसते तर शिकलेच नसते. खरे आहे. कर्ज काढू नका असे आम्ही म्हणत नाही. पण बाबासाहेबांनी सत्तेत गेल्यावर काय मागितले ते पाहा. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वस्त कर्ज त्यांनी मागितले नाही, शिष्यवृत्ती मागितली. कराराचे ओझे वाहिलेल्या माणसाला हा फरक कळत होता.

आज त्या शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. परदेशी शिक्षणासाठी केंद्राच्या जागा देशभरात १२५, राज्याच्या राजर्षी शाहू योजनेच्या ७५. उरलेल्यांनी बँकेच्या दारात जायचे. म्हणून मित्रांनो, हप्ता भरा, पण त्याला नशीब समजू नका. जागा वाढवा, उत्पन्नाची मर्यादा वाढवा, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर द्या, ही मागणी सर्वांत आधी हप्ता भरणाऱ्यांनीच लावून धरली पाहिजे. त्या कर्जाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक आहे?

जय भीम!