समुद्राचा हिशोब

भरतीची वेळ काढायची माझ्या आजोबांची रीत साधी होती. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. ईदचा चांद बघणाऱ्या आमच्या घरात तिथीही तोंडपाठ असायची, ती यासाठी. पण वारा सुटला की आजोबा हिशोब सोडून देत. वाऱ्याला पाढा नाही, म्हणत.

तो पाढा मांडण्यासाठी एका थोर शास्त्रज्ञाने उतारवयातली आठ वर्षं दिली, हे मी फार उशिरा वाचलं. मी बी.ए. झालेला कवी, गणिताला लांबूनच सलाम करणारा. तरी ही हकिगत सांगावीशी वाटते.

हॉलंडच्या पोटात झायडरझी नावाचा उथळ समुद्र शिरलेला होता. जानेवारी १९१६ च्या वादळात त्याने काठचे बांध फोडले. त्याचं तोंडच धरणाने बंद करावं, अशी अभियंता कॉर्नेलिस लेली यांची जुनी योजना होती; १९१८ मध्ये तिचा कायदा झाला. पण धरणाच्या बाहेर राहणाऱ्यांचं काय? आजवर आत पसरणारं पाणी उद्या भिंतीला अडलं, तर त्यांच्या दारात किती चढेल? त्यांचे बांध किती उंच करायचे? उत्तर चुकलं तर माणसं बुडणार होती.

सरकारने समिती नेमली आणि अध्यक्ष केलं हेन्ड्रिक लॉरेन्ट्झ यांना. १९०२ च्या नोबेलचे मानकरी, वय पासष्ट. एवढ्या मोठ्या माणसाने समितीला नुसतं नाव दिलं असतं तरी चाललं असतं. ते स्वतः आकडेमोडीला बसले.

अडचण तळाशी होती. पाणी दुप्पट वेगाने वाहिलं की तळाचा विरोध चौपट होतो, आणि या चौपटीपायी गणित सुटेना. लॉरेन्ट्झ यांनी विरोध वेगाच्या प्रमाणातच वाढतो असं धरलं. अट एकच: भरती-ओहोटीच्या एका फेऱ्यात पाण्याची जेवढी ऊर्जा खरोखर खर्च होते, तेवढीच कागदावरही व्हावी. मग समुद्रातल्या खोल वाटा एकमेकींना जोडलेल्या कालव्यांसारख्या मांडून, कुठे किती पाणी येतं-जातं याचा हिशोब केला. आधी चालू समुद्राची भरती कागदावर जुळवली, मग त्यात धरण घातलं. वादळाचा हिशोब वेगळा. वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो आणि समुद्र जितका उथळ, तितका पाण्याचा चढ जास्त. हे सारं संगणकाशिवाय!

१९२६ च्या अहवालाने सांगितलं, की बाहेर भरती वाढेल आणि वादळाचं पाणीही चढेल. समितीच्या सल्ल्याने धरणाचं पूर्वेकडचं टोक उत्तरेला, झुरिख या खेड्याजवळ नेलं. (हे स्वित्झर्लंडमधलं नव्हे.) २८ मे १९३२ रोजी धरणाचं शेवटचं खिंडार बुजलं. बाहेरची भरती वाढली ती जवळजवळ भाकितासारखीच. ते पाहायला लॉरेन्ट्झ नव्हते; १९२८ मध्येच ते गेले. धरणाच्या एका जलद्वाराला त्यांचं नाव आहे.

पुढे १९५० च्या दशकात हॅम्बुर्गच्या वॉल्टर हान्सेन यांनी समुद्राची चौकटी-चौकटींत वाटणी करून वाऱ्याची आणि भरतीची समीकरणं संगणकाला घातली. आज वादळाच्या लाटेचा इशारा अशाच आकडेमोडीतून निघतो.

मी खाडीकाठचा, म्हणून माझं मन मात्र धरणाच्या आतल्या बाजूला रेंगाळतं. तिथलं खारं पाणी काही वर्षांत गोडं झालं. हेरिंग आणि अँकोव्ही हे मासे गेले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या गावांचा धंदाही. सरकारने मदतीचा कायदा १९२५ मध्येच केला होता. मासा मात्र परत आला नाही.