घरची गाडी आणि गावची ट्राम

स्वतःची गाडी घरी ठेवून सार्वजनिक वाहनाने हिंडावे, असा उपदेश हल्ली नगरवासीयांना वारंवार ऐकावा लागतो, आणि तो करणारे सद्गृहस्थ बहुधा मोटारीतूनच सभास्थानी आलेले असतात. मुंबईपुरते बोलायचे तर हा उपदेश उफराटा आहे. कारण आणे मोजून, अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून एका गाडीत बसण्याची सवय या शहराने मोटारीचे प्रथम दर्शन होण्यापूर्वीच लावून घेतली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घरची गाडी ठेवणे म्हणजे एक लहानसा सरंजामच पदरी बाळगणे होते. घोड्यांची चंदी-वैरण, कोचमनाचा पगार, मोतद्दाराचा मुशाहिरा, नालबंदाचा हिशेब आणि तबेल्याची डागडुजी असा हा खर्चाचा पसारा असे. आणि गाडी दिवसभर दारात उभी असली, तरी घोडे खायचे काही थांबत नसत. शेटसावकारांना व साहेबलोकांना हे परवडे. गिरगाव-काळबादेवीकडचा कारकून मात्र कोटातल्या कचेरीची वाट पायीच तुडवी. पुढे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या अमदानीत कोटाचे तट जमीनदोस्त झाले, वस्ती विस्तारत गेली, आणि पायी चालणाऱ्याची वाट त्या मानाने लांबत गेली.

रस्त्यात लोखंडी रूळ घालून त्यांवरून घोड्यांची गाडी चालवावी, ही तजवीज 1865 साली एका अमेरिकन कंपनीने सरकारपुढे मांडली आणि तिला परवानाही मिळाला. परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाच्या तेजीवर फुगलेल्या मुंबईचे दिवाळे वाजले आणि रूळ कागदावरच राहिले. ज्या तेजीने शहराला श्रीमंती दाखवली, तिच्या मंदीने त्याची ट्राम जवळजवळ नऊ वर्षे लांबणीवर टाकली. अखेर 1873 साली बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, आणि 9 मे 1874 रोजी कुलाबा ते पायधुणी व बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर घोड्यांची ट्राम धावू लागली.

या गाडीचे खरे मर्म तिच्या रुळांत होते. खडीच्या रस्त्यावर जे ओझे ओढताना घोड्यांच्या तोंडाला फेस यावा, त्याच्या कितीतरी पट ओझे गुळगुळीत लोखंडावर तीच जोडी ओढू शकते. त्यामुळे ज्या चंदीचा आणि नालबंदीचा भार एकट्या शेटजींच्या खतावणीवर पडे, तो येथे पुष्कळ उतारूंत वाटला गेला. आरंभी भाडे तीन आणे होते आणि तिकीट मुळीच नव्हते. गर्दी वाढली तसे भाडे दोन आण्यांवर आले, आणि फुकटे उतारूही वाढले, म्हणून त्याच वर्षी तिकिटे निघाली. लोकांनी एखादी सोय मनापासून स्वीकारली याचा याहून अस्सल पुरावा कोणता द्यावा!

7 मे 1907 रोजी विजेची ट्राम आली आणि घोडे सुटले. 1920 साली दुमजली ट्रामही दिसू लागली. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस सुटली, तेव्हा मात्र सार्वजनिक वाहनांतही प्रतवारी आली. ससून डॉकपासून दादरपर्यंत ट्राम दीड आण्यात नेई. बसला तेवढ्याच प्रवासाचे चार आणे पडत. साहजिकच बस ही बरी मिळकत असलेल्या पांढरपेशांची आणि ट्राम गरिबाची, अशी वाटणी काही वर्षे चालली. मनुष्य सामायिक गाडीत बसायला तयार होतो. पण आपली सामायिक गाडी शेजाऱ्याच्या गाडीहून वरच्या पायरीची असावी, एवढी त्याची अपेक्षा असतेच.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि मोटारवाल्यांनाही हात आखडता घ्यावा लागला. उपदेशाने जे साधत नाही ते शिधापत्रिकेने साधते. परंतु शिधापत्रिका उठली की साधलेलेही सुटते. 7 ऑगस्ट 1947 रोजी ट्राम-बसचा सारा कारभार पालिकेच्या ताब्यात आला, आणि म्हणून पुढचा निर्णय हा कोणा परक्या कंपनीचा नव्हता, आपलाच होता. रस्त्यात मोटारी वाढल्या. मधोमध चालणारी, बाजूला सरू न शकणारी ट्राम ही त्यांना अडचण वाटू लागली. आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली.

ट्राम संथ होती, जुनाट झाली होती, आणि तिच्यातून उतरणाऱ्याला वाहनांच्या ओघात पाऊल टाकावे लागे, हे सारे मान्य केले, तरी तो निर्णय चुकला असेच माझे मत आहे. पन्नास उतारू घेऊन जाणारी गाडी हा अडथळा ठरला आणि दोघाचौघांना घेऊन जाणारी मोटार ही रहदारी ठरली, हा न्याय उलटा होता. दुरुस्तीची गरज ट्रामला होती; हद्दपारीची शिक्षा तिला द्यायला नको होती.