रंग न ओळखणारा चित्रकार आणि लोखंडी नांगर
(धागा)

१/ १८८५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा एक सोळा वर्षांचा मुलगा चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. सुमारे दोन वर्षांनी निदान झाले की त्याला अंशतः रंगांधत्व आहे. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. त्या मुलाचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

२/ हा दोष सरावाने जाणारा नव्हता. परंतु अडचण रंगाची होती, रेषेची नव्हती. हात स्थिर होता, प्रमाणाची जाण होती आणि यंत्रांचे वेड लहानपणापासूनच होते. लक्ष्मणरावांनी रंगचित्रण सोडले आणि यंत्ररेखाटनाकडे मोर्चा वळवला. तिथे रंगाचे काहीच काम नव्हते.

३/ याच सुमारास, १८८७ मध्ये, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. ‘व्ही.जे.टी.आय.’ या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. लक्ष्मणरावांना तिथे साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. विद्यार्थ्यांना रेखाटन शिकवता शिकवता ते स्वतः कार्यशाळेतील यंत्रे हाताळू लागले आणि यंत्रविषयक इंग्रजी नियतकालिके वाचू लागले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांचे यंत्रज्ञान या दोन वाटांनी आले.

४/ नोकरी चालू असतानाच १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ची सुरुवात ही अशी. यंत्र विकायचे तर ते वापरायला शिकवावे लागते, हा धडा पुढे नांगराच्या वेळी उपयोगी पडला.

५/ संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. वसाहतकाळात अशा प्रसंगाचे कोणाला नवल वाटत नसे. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

६/ बेळगावात छोटा कारखाना उभा राहिला. आधी कडबा कापण्याची यंत्रे निघाली, मग लोखंडी नांगर. येथे खरी कसोटी लागली. लोखंडामुळे जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरणाऱ्याला ही भीती निराधार वाटणे कठीणच होते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात.

७/ या दोन वर्षांचा अर्थ नीट पाहायला हवा. नांगर बनवणे आणि तो शेतकऱ्याच्या गळी उतरवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. लक्ष्मणरावांपाशी पहिले होते. दुसरे प्रत्यक्ष शेतात, शेतकऱ्याच्या शंका ऐकत कमवावे लागले.

८/ धंदा बसू लागला तोच नवे संकट आले. नगराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, हा एक सुंदर योगायोग.

९/ १९१० मध्ये निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. भारतातील अगदी आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

१०/ वाडीवर माणसे निवडतानाही प्रमाणपत्राला फारसे महत्त्व नव्हते. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक अभियंते झाले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग वाडीचे विश्वासू रखवालदार झाले. ज्या काळात जन्म आणि पूर्वेतिहास माणसाचे काम ठरवीत, त्या काळातील ही गोष्ट आहे.

११/ ‘एकट्याच्या जिद्दीची कहाणी’ म्हणून हा इतिहास सांगण्याचा मोह होतो, पण तो अपुरा ठरतो. रामूअण्णांचे व्यवहारज्ञान, संस्थानिकाचा आश्रय आणि वाडीवरचे कष्टकरी यांच्यावाचून लक्ष्मणरावांची रेखाटने कागदावरच राहिली असती. रंगांधत्वाने त्यांना ‘घडवले’ असे म्हणणेही बरोबर नाही. त्याने एक वाट बंद केली, एवढेच. दुसरी शोधायला आणि तिच्यावर टिकायला पंचवीस वर्षे लागली.

१२/ स्वतः वाचून आणि हाताळून शिकलेल्या लक्ष्मणरावांनी स्वयंशिक्षणाचे स्तोम मात्र माजवले नाही. आपल्या शिक्षणात काय उणे राहिले, याची त्यांना जाणीव असावी. त्यांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यांत्रिक अभियांत्रिकी शिकले आणि १९२६ मध्ये पदवी घेऊन वाडीच्या कारखान्यात रुजू झाले.