'कंपनी' : भाकरीपासून भागभांडवलापर्यंत



आजच्या व्याख्यानाला आपण एकच शब्द घेतला आहे, आणि तोही असा की तो परका आहे हे आता आपल्या लक्षातही येत नाही. शब्द आहे 'कंपनी'.

दिवसभरात आपण तो किती तऱ्हांनी वापरतो बघा. "मुलगा काय करतो?" "कंपनीत आहे." इथे कंपनी म्हणजे कारखाना. "एकटी कुठे जातेस, थांब, मी येते कंपनीला." इथे सोबत. "त्याची कंपनी चांगली नाही हो." इथे संगत. वर्तमानपत्रात येतं, राज्य राखीव पोलीस दलाच्या दोन कंपन्या तैनात केल्या. इथे सशस्त्र जवानांची तुकडी. म्हातारी माणसं 'नाटक कंपनी' म्हणतात, कोल्हापूरकर 'फिल्म कंपनी' म्हणतात, आणि मुंबईत एका काळी गुन्हेगारी टोळीलाही लोक कंपनीच म्हणू लागले. शाळेच्या पुस्तकात तर कंपनी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी, जिने आपल्यावर राज्य केलं.

सोबत, संगत, फौज, नाटकमंडळी, टोळी, कारखाना, सरकार. एवढे सगळे अर्थ एका शब्दात आले कुठून? आणि ते आपोआप आले, की कोणीतरी आणले?

सुरुवात मुळापासून करू. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला आणि फ्रेंचने लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'कुम' म्हणजे बरोबर आणि 'पानिस' म्हणजे पाव, भाकरी. जो आपल्याबरोबर भाकरी खातो तो 'कंपॅनियन', आणि अशा माणसांचा मेळा ती 'कंपनी'. जर्मानिक भाषांतही नेमकी हीच जुळणी सापडते. गॉथिक भाषेत सोबत्याला शब्द होता 'गाहलैबा', आणि त्यातल्या 'हलैब'चा अर्थही पावच. म्हणजे सोबती कोण, याचं उत्तर त्या लोकांनी जेवणावरून ठरवलं होतं.

आता एक गंमत. हाच 'पानिस' पोर्तुगीजांच्या तोंडी 'पांव' असा झाला आणि गोवा-वसईच्या वाटेने आपल्याकडे 'पाव' म्हणून आला. तेव्हा वडापावमधला पाव आणि 'कंपनी' मधला 'पनी' ही एकाच आजीची नातवंडं आहेत. एक पोर्तुगीजांच्या जहाजातून आलं, दुसरं इंग्रजांच्या.

आपल्याला हा विचार नवा नाही. आपल्याकडेही 'रोटी-व्यवहार' हा शब्द आहेच. कोणाच्या पंगतीला कोण बसतं, कोणाला वेगळं बसवतात, कोणाला उठवतात, यावर आपला समाज शेकडो वर्षं चालला. वाळीत टाकणं म्हणजे पंगतीतून काढणंच. त्यामुळे 'कंपनी' शब्दाच्या पोटातला प्रश्न आपल्याला लगेच कळतो: पंगतीत कोण आणि पंगतीबाहेर कोण? आज आपण हाच एक प्रश्न धरून पुढे जाऊ.

मध्ययुगात लंडनच्या कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांना 'कंपनी' म्हणत. कापडवाल्यांची, सोनारांची, मासळीवाल्यांची. त्यातल्या कापडवाल्यांच्या मर्सर्स कंपनीची सनद १३९४ची. या कंपन्या धंद्याचे नियम ठरवत, आजारी सभासदाला आणि त्याच्या विधवेला मदत करत, आणि अर्थातच मोठमोठ्या मेजवान्याही करत. पंगत शाबूत होती. पण दार बंद होतं. जो कंपनीत नाही त्याला त्या धंद्यात सहज शिरता येत नसे.

त्याच शतकात फ्रान्समध्ये वेगळ्याच कंपन्या फिरत होत्या. इंग्लंड-फ्रान्सच्या लांबलेल्या युद्धात १३६० साली तह झाला आणि हजारो भाडोत्री सैनिक बेकार झाले. त्यांनी आपापल्या टोळ्या बांधल्या आणि गावं लुटायला सुरुवात केली. त्या टोळ्यांनाही 'कंपनी' हेच नाव होतं. लूट एकत्र करायची आणि एकत्र खायची. म्हणजे मुंबईतल्या टोळीला लोकांनी कंपनी म्हटलं, त्यात जुनाच अर्थ परत आला होता.

आता या दोन गोष्टी, बंद दाराचा व्यापारी संघ आणि हत्यारबंद टोळी, डोक्यात ठेवा. कारण पुढची कंपनी या दोन्हींची बेरीज आहे.

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने लंडनच्या काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. पंधरा वर्षांसाठी मक्ता. हीच ईस्ट इंडिया कंपनी. तिने सुरतेला वखार घातली, मग राजापूरला. १६६८मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट या कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं.

हे नुसते व्यापारी नाहीत, हे इथल्या जाणत्या लोकांना फार लवकर कळलं होतं. १६६०मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन वेढ्यात सामील झाले. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरच्या वखारीवर छापा घालून त्यांना कैद केलं. मिरी-कापडाचा सौदा करणाऱ्या माणसाकडे तोफगोळे कशाला, हा प्रश्न त्या छाप्यात होता. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर हे स्पष्टच लिहून ठेवलेलं आहे. त्याचा आशय असा: हे टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, त्यांना जमिनीचा लोभ आहे, म्हणून त्यांना समुद्रकिनाऱ्याजवळ जागा देऊ नये.

जुन्या मराठी कागदांत हा शब्द 'कुंपणी' असा येतो. 'इंग्रज कुंपणी', 'कुंपणी सरकार'. त्याचा कुंपणाशी काही संबंध नाही, आपल्या जिभेने परका शब्द वळवून घेतला इतकंच. पण कुंपणच शेत खातं ही म्हण ज्यांच्या तोंडी होती, त्यांना तो शब्द ऐकताना काय वाटत असेल, असं मनात येतंच. दुसऱ्या बाजीरावाने होळकरांपासून संरक्षण मिळावं म्हणून वसईचा तह केला. तारीख ३१ डिसेंबर १८०२. कंपनीच्या सनदेला त्याच दिवशी २०२ वर्षं पुरी झाली होती. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८१८मध्ये, पेशवाई संपली आणि पुण्यात कुंपणीचा अंमल सुरू झाला.

आता आपला प्रश्न विचारू. या कंपनीच्या पंगतीत कोण होतं?

बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करायचा हक्क, कंपनीला १७६५मध्ये मिळाला. १७७०च्या सुमारास बंगालात भयंकर दुष्काळ पडला, अगणित माणसं मेली. सारावसुली सैल झाली नाही, आणि त्याच सुमारास लंडनमधल्या भागधारकांचा लाभांश वाढत वाढत साडेबारा टक्क्यांपर्यंत गेला. मग कंपनी स्वतःच कर्जात बुडाली, तेव्हा १७७३मध्ये ब्रिटिश सरकारने तिला १४ लाख पौंडांचं कर्ज देऊन वाचवलं. नफा भागधारकांचा आणि तोटा दुसऱ्यांचा, हा हिशोब तिथे नीट दिसतो.

पण याहून बोलका तपशील पुढे आहे. १८३३च्या कायद्याने कंपनीचा व्यापार पूर्ण बंद झाला, राहिलं फक्त राज्य. मग भागधारकांचं काय? त्यांना दरवर्षी साडेदहा टक्के लाभांशाची हमी देण्यात आली, आणि तो द्यायचा होता हिंदुस्थानच्या महसुलातून. १८५७चा उठाव झाला, १८५८मध्ये कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं, तरी हा लाभांश चालूच राहिला. १८७४मध्ये भागधारकांची रक्कम दामदुपटीने चुकती करून कंपनी विसर्जित झाली. म्हणजे कंपनीचं राज्य गेल्यावरही जवळजवळ सोळा वर्षं इथला शेतकरी आपल्या साऱ्यातून लंडनमधल्या त्या पंगतीला वाढत होता. पंगतीत त्याचं पान मात्र कधीच मांडलेलं नव्हतं.

याच काळात इंग्लंडमध्ये 'कंपनी'ला आणखी एक शब्द येऊन चिकटला: लिमिटेड. १८५५ आणि १८५६च्या कायद्यांनी ठरवलं की कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान त्याने घातलेल्या पैशापुरतंच, त्याच्या घरादारावर कोणी जप्ती आणणार नाही. १८५७मध्ये ही सोय आपल्याकडेही आली. यात वाईटच सगळं होतं असं म्हणणं बरोबर नाही. अनोळखी माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून गिरणी काढायची, रेल्वे टाकायची, तर अशी हमी लागतेच. पण मुंबईने त्याची दुसरी बाजूही लवकर पाहिली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईत कंपन्यांचं पेव फुटलं. बॅकबेची जमीन भरून काढणाऱ्या कंपनीच्या शेअरसाठी लोक वेडे झाले. १८६५मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि शेअरबाजारही.

मग १८९६मध्ये लंडनला एक गाजलेला निकाल लागला. सालोमन नावाच्या चांभारी मालाच्या व्यापाऱ्याने आपला बुटांचा धंदा कंपनी करून टाकला होता. भागधारक सात: तो, बायको आणि पाच मुलं. २०,००७ शेअरपैकी २०,००१ त्याचे, बाकीच्यांना एकेक. कंपनी बुडाली तेव्हा देणेकरी म्हणाले, कंपनी म्हणजे हाच तर आहे. हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, नाही, कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. हे तत्त्व आपल्या कायद्यातही पाळलं जातं. आणि आपल्या २०१३च्या कंपनी कायद्यात तर 'वन पर्सन कंपनी'ही आहे, एकाच माणसाची कंपनी. मुळात ज्या शब्दाचा अर्थ 'बरोबर बसून भाकरी खाणारे', त्याची गंमत बघा: एका माणसाची पंगत!

आता जरा आपल्या घरात येऊ. मराठीने या शब्दाला प्रतिशब्द केला, तो होता 'मंडळी'. जुन्या पुस्तकांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर 'आणि कंपनी'च्या जागी 'आणि मंडळी' असं लिहिलेलं आढळतं. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं, ती किर्लोस्कर नाटक मंडळी. लोक मात्र म्हणत नाटक कंपनी. या कंपन्यांत नट, साजिंदे, पडदे ओढणारे एका बिऱ्हाडात राहत आणि त्यांचा स्वयंपाक एकत्र होई. शब्दाचा मूळ अर्थ इतका शब्दशः क्वचितच कुठे जगला गेला असेल.

गंधर्व नाटक मंडळी १९१३मध्ये निघाली तेव्हा बालगंधर्वांबरोबर गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस हे भागीदार होते. पुढे ते बाहेर पडले, आणि डोक्यावर आलेलं प्रचंड कर्ज बालगंधर्वांनी एकट्याने स्वतःचं मानून वर्षानुवर्षं फेडलं. इथे 'लिमिटेड' काही नव्हतं. हा व्यवहार शहाणपणाचा होता का, यावर वाद होऊ शकतो. पण कंपनी म्हणजे आपणच, असं मानणारा माणूस कसा वागतो, ते यात दिसतं.

शेवटी "मुलगा कंपनीत आहे" या वाक्याकडे येऊ. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, नाशिक, औरंगाबाद असं करत हे वाक्य महाराष्ट्रभर पसरलं. लग्न ठरवताना त्याला वजन आलं, कारण त्यात पगार, फंड, कंपनीची बस आणि कंपनीची कॅन्टीन असे. कॅन्टीन काही मालकांची मेहेरबानी नव्हती. १९४८च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची तरतूद होती. भाकरी पुन्हा शब्दात परत आली होती, यावेळी कायद्याने.

आज मात्र त्याच वाक्यानंतर दुसरा प्रश्न येतो: "परमनंट की कॉन्ट्रॅक्ट?" एकाच मशीनवर दोघं, एकाच पाळीत. एक कंपनीचा, दुसरा ठेकेदाराचा. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने त्यांच्यासाठीही कॅन्टीनचे नियम केले. तरी कुठल्याही औद्योगिक वसाहतीत दुपारी जाऊन बघा. गेटबाहेरच्या गाडीवर उभ्याने वडापाव खाणारी मुलं दिसतील. गावाकडे आई अभिमानाने सांगत असते, पोरगा कंपनीत आहे. तो कंपनीत असतो आणि नसतोही. 'कंपनी' शब्दातला पाव तेवढा त्याच्या हातात असतो.

म्हणून मंडळी, यापुढे हा शब्द कानावर आला, मग तो जाहिरातीत असो, शेअरबाजारात असो की लग्नाच्या बैठकीत, तर आपण एवढंच विचारून बघू: या पंगतीत कोण बसलं आहे, कोण वाढतं आहे, आणि कोणाचं पान मांडायचं राहून गेलं आहे?

आता तुमचे प्रश्न घेऊ.