ओरॅकल एपेक्स

पानाची मांडणी डोळ्यांसमोर ठेवून, ब्राउझरमध्येच, डेटाबेसवर चालणारी वेब अ‍ॅप्लिकेशन्स तयार करण्याचे ओरॅकल कंपनीचे साधन. पूर्ण नाव ओरॅकल अ‍ॅप्लिकेशन एक्सप्रेस. ओरॅकल डेटाबेसबरोबर ते वेगळे शुल्क न आकारता मिळते आणि त्या डेटाबेसच्या आतच राहते. नोंदी भरण्याचे फॉर्म, याद्या, अहवाल, आलेख, मंजुरीचे टप्पे असे कार्यालयीन कामकाज हे त्याचे मुख्य क्षेत्र होय.

ओरॅकलमधील माइक हिचवा यांनी आधी वेबडीबी नावाचे साधन तयार केले होते. ते मूळ कल्पनेपासून दूर जाऊ लागल्यावर, कंपनीपुरते एक वेब कॅलेंडर बनवण्याच्या निमित्ताने त्यांनी जोएल कॅलमन यांना सोबत घेऊन ‘फ्लोज’ हा नवा प्रकल्प हाती घेतला. कॅलेंडरला जे लागेल ते फ्लोजमध्ये घालायचे, अशा रीतीने तो वाढला. पुढे दृश्य साधन म्हणून नावाजलेल्या या प्रकल्पाला सुरुवातीला दर्शनी बाजूच नव्हती. पानात बदल करायचा तर एसक्यूएल प्लसमध्ये आज्ञा टंकून तक्त्यांतील ओळी घालाव्या, बदलाव्या किंवा पुसाव्या लागत. २००४ मध्ये ते एचटीएमएल डीबी या नावाने बाजारात आले आणि २००६ मध्ये त्याला अ‍ॅप्लिकेशन एक्सप्रेस हे नाव मिळाले. २०१० च्या ४.० आवृत्तीत डायनॅमिक अ‍ॅक्शन व प्लग-इन आले. २०१५ च्या ५.० आवृत्तीने पेज डिझायनर आणि युनिव्हर्सल थीम दिली. २०१८ पासून आवृत्तीला वर्षाचा आकडा लावण्याची पद्धत पडली. पहिली अशी आवृत्ती १८.१.

त्या जुन्या दिवसांची रचना आजही आतून तशीच आहे. एपेक्समध्ये पान ‘काढले’ की त्यातून प्रोग्रामची फाइल तयार होत नाही. पानाचा क्रमांक, त्यावरील भाग, रकाने, बटणे, त्यांचे रंगरूप आणि क्रम यांचे वर्णन एपेक्सच्या स्वतःच्या तक्त्यांत ओळींच्या रूपाने साठते. वापरणाऱ्याच्या ब्राउझरची मागणी ओरॅकल रेस्ट डेटा सर्व्हिसेस या मधल्या थरातून डेटाबेसपर्यंत जाते, तिथे पीएल/एसक्यूएलमध्ये लिहिलेले इंजिन ते वर्णन वाचते आणि एचटीएमएल पान त्याच क्षणी तयार करून परत धाडते. म्हणून बदल जतन केला की तो लगेच दिसतो. मध्ये कंपाइल करण्याचा टप्पा येत नाही.

काम वर्कस्पेसमध्ये चालते. वर्कस्पेसला डेटाबेसमधील एक किंवा अधिक स्कीमा जोडलेले असतात आणि अ‍ॅप्लिकेशन त्यांपैकी एका स्कीमाच्या अधिकारांनी तक्त्यांना हात लावते. विझार्डला तक्त्याचे नाव दिले की तो यादीचे एक पान आणि नोंद बदलण्याचे दुसरे पान उभे करतो. एक्सेलची फाइल दिली तर तक्ताही तोच बनवतो. पुढचे काम पेज डिझायनरमध्ये. डावीकडे पानातील घटकांचा वृक्ष, मधोमध मांडणी, उजवीकडे निवडलेल्या घटकाचे गुणधर्म. मांडणीखालच्या गॅलरीतून रीजन, आयटम किंवा बटण उचलून जागेवर टाकायचे. ओढून ठेवण्याचे हे काम दिसायला आकर्षक असले, तरी सरावलेला माणूस बहुतेक वेळ उजवीकडच्या गुणधर्मांत घालवतो. रीजनच्या मागे एसक्यूएल क्वेरी असते, आणि ती नीट लिहिता आली नाही तर बाकी सजावट व्यर्थ.

नवख्यांना सर्वांत जास्त अडखळवणारी गोष्ट म्हणजे सेशन स्टेट. पानावरील आयटमची किंमत दोन ठिकाणी असते: ब्राउझरमध्ये दिसणारी आणि सर्व्हरवर त्या सेशनच्या नावे साठवलेली. क्वेरी वाचते ती दुसरी. ओरॅकलच्या नेहमीच्या सराव तक्त्यांचे उदाहरण घ्यावे. डेप्टमध्ये ४ विभाग आहेत, एम्पमध्ये १४ कर्मचारी. पानावर विभाग निवडण्याची पी२_डेप्टनो ही यादी आहे आणि खाली त्या विभागातील कर्मचाऱ्यांचा अहवाल. यादी बदलताच अहवाल ताजा व्हावा म्हणून डायनॅमिक अ‍ॅक्शन जोडली: घटना ‘बदल’, कृती ‘रिफ्रेश’. आधी १० क्रमांकाचा विभाग सर्व्हरकडे पोचलेला असताना वापरणारा ३० निवडतो. अहवाल लुकलुकतो, पण दिसतात तेच जुने ३ कर्मचारी. ३० मधले ६ येत नाहीत. क्वेरीत चूक नसते, डायनॅमिक अ‍ॅक्शनही चाललेली असते. फक्त नवी किंमत ब्राउझरमध्येच राहिलेली असते. अहवालाच्या ‘सबमिट करायचे आयटम’ या गुणधर्मात पी२_डेप्टनो लिहिले की रिफ्रेशबरोबर ती सर्व्हरवर जाते आणि सहाही नावे येतात. डायनॅमिक अ‍ॅक्शनमधून सर्व्हरवरचा कोड चालवतानाही हाच गुणधर्म भरावा लागतो आणि विसरलाही तोच जातो.

सुरक्षेचा बराचसा भार एपेक्स स्वतः उचलते, सगळा नव्हे. आयटमची किंमत क्वेरीत बाइंड चल म्हणून, म्हणजे नावाआधी कोलन लावून, वापरावी. अँपरसँडची पद्धत किंमत जशीच्या तशी मजकुरात चिकटवते, त्यामुळे क्वेरीत ती वापरणे म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडून देणे. पत्त्याच्या ओळीतून नोंदीचा क्रमांक जात असेल, तर ७८३९ च्या जागी ७७८८ टंकून दुसऱ्याची नोंद पाहण्याचा प्रयत्न कोणीही करू शकतो. सेशन स्टेट प्रोटेक्शन चालू असल्यास पत्त्याला चेकसम जोडला जातो आणि असा बदललेला पत्ता नाकारला जातो. बटण लपवले म्हणजे काम अडले असे नाही. बटणाला लावलेली ऑथरायझेशन स्कीम त्यामागच्या प्रक्रियेलाही लावावी लागते. दोघांनी एकच नोंद एकाच वेळी उघडली, तर नंतर जतन करणाऱ्याला मूळ नोंद मधल्या काळात बदलल्याची सूचना मिळते आणि पहिल्याचे काम पुसले जात नाही.

मराठी मजकूर साठवताना एक अडचण हमखास येते. डेटाबेस युनिकोडचा असला, तरी स्तंभाची लांबी ओरॅकल मुळात बाइटमध्ये मोजतो आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हे धरली जातात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात अशी १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. पानावरील आयटमची कमाल लांबी मात्र चिन्हांत मोजली जाते. त्यामुळे २० ची मर्यादा असलेल्या रकान्यात हा शब्द सहज टंकता येतो आणि जतन करताना ओआरए-१२८९९ ही त्रुटी येते. तक्ता बनवतानाच लांबीपुढे ‘कॅर’ लिहिणे हा सोपा उपाय.

मर्यादा उघड आहेत. ओरॅकल डेटाबेसशिवाय एपेक्स चालत नाही. युनिव्हर्सल थीमच्या चौकटीत राहिले तर पाने झटपट आणि नीटनेटकी होतात, अगदी वेगळे रूप हवे असेल तर सीएसएस आणि जावास्क्रिप्टशी झुंजावे लागते आणि दृश्य साधनाचा फायदा ओसरतो. व्यवहाराचे नियम पानांवरील प्रक्रियांत विखरून ठेवण्याचा मोहही होतो. ते पीएल/एसक्यूएल पॅकेजमध्ये ठेवून पानावरून फक्त बोलावणे अनुभवी मंडळी पसंत करतात, कारण शंभरेक पानांत लपलेला नियम शोधणे जिकिरीचे असते.

तयार अ‍ॅप्लिकेशन दुसरीकडे न्यायचे तर त्याची एसक्यूएल फाइल निर्यात करतात. १०० क्रमांकाच्या अ‍ॅप्लिकेशनची फाइल एफ१००.एसक्यूएल. ती हजारो ओळींची असल्याने दोन आवृत्त्यांतला फरक वाचणे कठीण जाते, म्हणून घटकवार तुकड्यांत निर्यात करण्याचीही सोय आहे. या फाइलीत अ‍ॅप्लिकेशनचे वर्णन असते. तक्ते आणि पॅकेजेस ‘सपोर्टिंग ऑब्जेक्ट्स’मध्ये मुद्दाम घातली तरच सोबत जातात. ती घातली नसतील, तर नव्या डेटाबेसमध्ये आयात विनातक्रार पूर्ण होते, आणि तक्ता सापडत नसल्याचा संदेश पहिले अहवालाचे पान उघडल्यावरच दिसतो.