साखरेच्या मुलखातील मधुमेह

श्रोते हो, कृष्णा-वारणेच्या काठच्या माणसाला ऊस, गूळ आणि साखर यांची ओळख करून द्यायला नको. फलटणजवळच्या एका गावाचे नावच साखरवाडी. सांगलीची गुळाची पेठ जुनी आणि साताऱ्याचा कंदी पेढा तर घरोघर ठाऊक. अशा या गोड मुलखात आज प्रत्येक गावात, किंबहुना प्रत्येक आळीत, एक वाक्य ऐकू येते : ‘मला शुगर आहे.’ या दुखण्याचे औषध डॉक्टरांनी सांगावे. मी इतिहासाचा शिक्षक, तेव्हा मी सांगणार आहे तो त्याचा इतिहास. पण हा इतिहास नुसता ऐकून सोडून देण्याजोगा नाही. पथ्य काय करावे आणि ते पाळले जाते की नाही हे कशावरून ओळखावे, या दोन प्रश्नांशी माणूस दोन हजार वर्षे झगडतो आहे, आणि त्या झगड्याचे फळ आज आपल्या हाताशी आले आहे.

सुरुवात आपल्याच वैद्यांपासून करू. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांतला एक. रोग्याच्या अंगाला आणि मूत्राला मुंग्या लागतात, हे लक्षण त्या वैद्यांनी टिपून ठेवले. म्हणजे या रोगाची पहिली तपासणी केली ती मुंगीने! चरकाने दिलेली कारणे ऐकली तर हा माणूस आपल्याच गावात राहत होता की काय, असे वाटते. बैठे सुख, झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ, ही त्याची यादी. लक्षात घ्या, गुळाचे नाव तिच्यात स्पष्ट आहे. ‘साखर वाईट, पण गूळ चालतो’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. त्याला ना जुन्या वैद्यकाचा आधार, ना नव्याचा. गुळात थोडे क्षार असतात हे खरे. पण रक्तातली साखर वाढवण्याच्या कामी दोघे सख्खे भाऊ.

सुश्रुताने आणखी एक भेद केला. काहींना हा रोग जन्मतःच लागतो, काहींना अपथ्याने. पहिला रोगी कृश असतो, दुसरा स्थूल. आजचे डॉक्टर पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, त्याच्याशी हा भेद हुबेहूब जुळत नाही, पण दिशा तीच. उपचार म्हणून चरकाने जवाला, म्हणजे सातूला, मोठे स्थान दिले आणि सुश्रुताने श्रमाला. निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीवाचून, शंभर योजने चालावे, गुरांमागे हिंडावे किंवा विहीर खणावी, असे तो सांगतो. यातले चालणे आजही सोळा आणे खरे. अनवाणी चालणे मात्र आज कोणी करू नये. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, काटा रुतला तरी समजत नाही, जखम चिघळते आणि कधीकधी पाय गमावण्याची पाळी येते. लोणंद-फलटणच्या वाटेने दरवर्षी माउलींची पालखी जाते. त्या वाटेवर मधुमेह असलेल्या वारकऱ्याने पायात नीट बसणारे पायताण घालावे आणि मुक्कामाला टेकल्यावर आधी तळपाय पाहावेत. भक्तीला त्याने उणेपणा येत नाही.

आता युरोपात डोकावू. १६७४ साली इंग्लंडात टॉमस विलिस नावाच्या डॉक्टरने या रोग्यांचे मूत्र मधासारखे गोड असते असे लिहिले. हे त्याने जिभेने चाखून ठरवले होते. पुढे १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसनने मूत्र आटवून त्यात साखरच असते हे दाखवले, आणि रोग्याच्या रक्तालाही गोडवा असतो हे सांगितले. हा मोठा टप्पा म्हणायचा. रोग मूत्रपिंडाचा नसून साऱ्या शरीराचा आहे, हे त्यातून हळूहळू उमगू लागले. १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या प्राण्याला मधुमेह झाला. उगमस्थान सापडले, पण औषध सापडले नव्हते.

औषध नाही म्हटल्यावर उरले फक्त पथ्य, आणि ते किती कठोर असावे? अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन नावाचे डॉक्टर १९१४ नंतरच्या काळात रोग्यांना जवळजवळ उपाशीच ठेवत. मूत्रातली साखर जाईपर्यंत उपास, मग तोलूनमापून चार घास. लहान मुले त्या पथ्यावर अस्थिपंजर होत, पण काही महिने, कधी एखाददुसरे वर्ष जास्त जगत. आईबापांनी निवड करायची ती रोगाने मरण आणि उपासमारीने मरण यांच्यात.

याच काळातला आपल्या घरचा दाखला लोकमान्य टिळकांचा. त्यांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे ते मंडालेच्या तुरुंगात होते. सक्तमजुरीची शिक्षा सरकारने साधी केली आणि कुलकर्णी आडनावाचा एक मराठी कैदी त्यांच्या स्वयंपाकाला दिला. परका मुलूख, कडक ऊन, घरची माणसे दूर, आणि रोगावर औषध जगाच्या पाठीवर कोठेच नाही. अशा स्थितीत लोकमान्यांनी आहारावर बंधन घालून प्रकृती सांभाळली आणि तेथेच ‘गीतारहस्य’ लिहून पुरे केले. पथ्य म्हणजे मन मारणे असे आपण समजतो. येथे ते मन शाबूत ठेवण्याचे साधन झालेले दिसते. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत वारले. त्यांचा शेवटचा आजार तापाचा होता. त्यानंतर जेमतेम दीड वर्षाने जगाला इन्सुलिन मिळाले.

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडात टोरोंटो येथे लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले. अर्क अशुद्ध होता. गुण आला नाही. बँटिंग, बेस्ट आणि मॅक्लिओड यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या कॉलिप यांनी तो शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा टोचला, आणि मुलाच्या रक्तातली साखर उतरली. मरणाच्या दारातून तो परत आला आणि पुढे तेरा वर्षे जगला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिओड यांना मिळाले. आपल्याकडे १९५५ साली मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. रोग्याला शिकवल्यावाचून औषध पुरे पडत नाही, हे जाणून तेथे डॉ. एस. एस. आजगावकर यांच्यासारख्या डॉक्टरांनी पुष्कळ काम केले.

आता दुसरा प्रश्न, मोजण्याचा. मुंगी झाली, जीभ झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या स्टॅन्ले बेनेडिक्टने निळे द्रावण तयार केले. जुन्या पिढीच्या पुष्कळांनी ते पाहिले असेल. काचेच्या नळीत पाच घन सेंटीमीटर द्रावण घ्यायचे, मूत्राचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी होत होत विटेसारखे तांबडे झाले तर साखर भरपूर. पण हे द्रावण कालची बातमी आज सांगे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर चढली तरच ती मूत्रात उतरते. त्याखाली किती आहे, फार घसरली आहे का, याचा त्यातून पत्ताच लागत नसे.

१९६५ साली रक्ताच्या एका थेंबाने रंग बदलणारी पट्टी निघाली आणि १९७० साली ती पट्टी वाचणारे, किलोभर वजनाचे यंत्र. ते डॉक्टरांच्या टेबलावर असे. त्या दशकाच्या अखेरीपासून अशी यंत्रे रोग्यांच्या घरी जाऊ लागली, आणि आज ते खिशात मावते. दरम्यान १९६८ साली तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात एक वेगळ्या जातीचे हिमोग्लोबिन आढळले. त्यातूनच गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी आली. मोजून, साखर ताब्यात ठेवून खरोखर फायदा होतो का, ही शंका १९९३ साली अमेरिका-कॅनडातील आणि १९९८ साली ब्रिटनमधील दीर्घ पाहणीने मिटवली. साखर ताब्यात राहिली तर डोळे आणि मूत्रपिंडे यांची हानी कमी होते, हे सिद्ध झाले.

श्रोते हो, आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. सातारा-सांगलीचे दोन भाग आहेत. एक नदीकाठचा. कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा घालून एकोणिसाव्या शतकातच कालवा काढला, आणि पुढे सहकारी कारखान्यांनी ऊस वाढवला. दुसरा भाग माण, खटाव, आटपाडी, जत हा कमी पावसाचा. तेथले अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलगा, मटकी, रानची भाजी. तेही पोटभर मिळेलच असे नाही. १९७२ च्या दुष्काळात याच भागातल्या हजारो माणसांनी खडी फोडून आणि रेशनचा तांबडा मिलो खाऊन दिवस काढले. मग रस्ते झाले, पाणी आले, रेशनचा गहू आला, दिवसातून चार-पाचदा गोड चहा आला, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आणि पायांच्या जागी मोटरसायकल आली. हे सारे हवेच होते. दुष्काळ परत यावा असे कोण म्हणेल? पण उपासाची सवय झालेल्या शरीरापुढे एकाएकी भरले ताट आले, हे विसरून चालणार नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांची आणि त्यांच्या मुलांची पाहणी चालवली. तेथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपले बाळ हातापायांनी, स्नायूंनी बारीक असले तरी त्याच्या अंगातली चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त, अशी ही आपली घडण मधुमेहाला वाट करून देते. म्हणून ‘मी कुठे जाड आहे?’ या भरवशावर कोणी राहू नये. १९७० च्या दशकात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरात सुमारे २ टक्के आणि खेड्यात दीड टक्का होते. त्याच परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते देशभरात ११.४ टक्के निघाले. माणसे म्हणाल तर दहा कोटींहून अधिक.

मग करायचे काय? उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी साडेसहा किंवा वर, असे तपासणीत पुन्हा आढळले तर तो मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, आणि तेथूनच परतणे सर्वांत सोपे. तिशी उलटलेल्यांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. ती लाज न धरता करून घ्यावी.

खाण्याचे म्हणाल तर आपल्या आजीचे ताट फार वाईट नव्हते. मात्र एक गैरसमज काढून टाकू. भाकरी म्हणजे औषध नव्हे. ज्वारीतही पिठूळ पदार्थ आहेतच. चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. अर्धे ताट भाजीचे, पाव ताट उसळ-पिठल्याचे, उरलेल्या पावात भाकरी, चपाती किंवा भात, असा हिशेब धरावा. चहातली साखर टप्प्याटप्प्याने काढावी. उसाचा रस, गुळवणी आणि उपासाचा साबुदाणा यांना रोजच्या ताटात जागा नाही. शिवाय घरात एकट्यासाठी वेगळे शिजवले की पथ्य आठ दिवसांत मोडते. सगळ्यांनीच तसे जेवावे. ते कोणालाच अपायकारक नाही.

घरी यंत्र असेल तर हात धुऊन आणि कोरडे करून मगच बोट टोचावे. गूळ किंवा द्राक्ष हाताळलेल्या बोटाने आकडा खोटाच वर जातो. आकडा, वेळ आणि काय खाल्ले ते वहीत मांडावे. पुष्कळांना उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, हे लक्ष्य डॉक्टर देतात; आपले लक्ष्य त्यांना विचारून घ्यावे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी रानात राबू नये. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आकडा ७० च्या खाली असला, तर मात्र साखर हेच औषध. तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

शिक्षकमित्रांना एक विनंती. गावातल्या कितीतरी वृद्धांना तो आकडा वाचता येत नाही. त्यांचा नातू तुमच्या वर्गात आहे. त्याला आकडे वाचायला तुम्ही शिकवलेच आहे. आता आजोबांची वही मांडायला शिकवा. लोकमान्यांजवळ पथ्य होते, पण असे घरगुती मोजमाप नव्हते आणि औषधही नव्हते. आपल्याजवळ तिन्ही आहेत. आता उरतो तो निश्चय, आणि तो कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही.